सोमवारचं घर

विश्वनाथआप्पांच्या घरचा सोमवार मी एकदा जेवलो होतो, चूक तिथंच झाली. दिवस मावळल्यावर, लिंगपूजा आटोपून, सगळं घर उपास सोडायला बसलं होतं आणि पाहुणा म्हणून मीही पंगतीत होतो. पुरणाची पोळी, तिच्यावर तूप, कटाची आमटी, आणि "घ्या हो, लाजू नका" म्हणत वाढणाऱ्या आप्पांच्या आई. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात सोमवार आणि आप्पांचं घर यांची गाठ बसली. त्या घरात सोमवारी दिवसभर चूल पेटतच नाही, म्हणून संध्याकाळी एवढा थाट असतो, ही गोष्ट मी पोळीबरोबर गिळून टाकली. पुढं आमच्या शाळेच्या मंडळाचा चिटणीस म्हणून चार लेकरांच्या दुपारच्या जेवणाचे वार लावायची वेळ आली, तेव्हा सोमवारपुढं मी बिनदिक्कत लिहिलं : विश्वनाथआप्पा.

अक्षर चांगलं आलं होतं. म्हणून दोनदा वाचूनही बघितलं.

आता पुन्हा तेच दिवस आलेत. माघ सरत आलाय. काळ्या रानात ज्वारी उपटणं चाललंय. मुळांना चिकटलेली माती बाया ताट पायावर आपटून झटकतात, तेव्हा जो कोरडा, थोडा गोडसर वास सुटतो, तो वर्षातून एवढे पंधरा दिवसच येतो. वाऱ्यावर करडईची बारीक काटेरी धूळ उडत येते आणि मानेवर, कोपरात, धोतराच्या घड्यांत जाऊन बसते. दिवसभर माणूस खाजवत हिंडतो. आणि मारुतीच्या देवळाच्या ओवरीतून पावकी-निमकीचा आवाज येतो, कारण परीक्षेचे दिवसही हेच. सरकारची परीक्षा आणि आमची सुगी एकाच महिन्यात का यावी, हे मला आजवर उमगलेलं नाही. पोराचा एक हात मास्तरांच्या हातात आणि दुसरा बापाच्या, अशी ओढाओढ गावभर चालते.

ह्या वासानं लोकांना हुरडा आठवतो. मला तो सोमवार आठवतो.

शाळा आमची सरकारी. निजाम सरकार मास्तर देई, त्यांचा पगार देई. जागा, छप्पर, पाट्या, मास्तरांची राहायची खोली हे गावानं बघायचं. गावानं बघायचं म्हणजे कुणीच बघत नाही. म्हणून आम्ही सात घरांनी मिळून मंडळ काढलं. दाजी पाटील अध्यक्ष, कारण जमीन त्यांची सगळ्यांत जास्त. मी चिटणीस, कारण मला मोडी येत असे, बाळबोध येत असे आणि नाही म्हणता येत नसे. पावसाळ्याआधी आम्ही ओवरीला तुराट्यांचा कूड बांधून शेणामातीनं लिंपला. पाट्या आणल्या. अंबादास मास्तर परभणीकडचे, एकटे, अंगानं सडपातळ, आवाजानं त्याहून. त्यांची खोली देवळाच्या मागं सारवून दिली. एवढं झाल्यावर आम्हाला वाटलं, आपण विद्येचं काम करतो आहोत. मग जरा मिशीला पीळ दिला.

एक काम मात्र आम्ही असं केलं, की जे आसपासच्या गावांत कुणी केलेलं नव्हतं. आमच्याकडचे मेंढरांवाले दिवाळी झाली की कळप घेऊन गंगथडीकडं, गोदेच्या काठाला, उतरतात आणि मिरगाला परत येतात. लेकरं त्यांच्या मागं जातात. मास्तर एकदा म्हणाले, "पोरं जाताना शंभरापर्यंत मोजतात, येताना वीसवर आलेली असतात." त्या वर्षी बिरू आणि त्याचा भाऊ यांची मिळून चार पोरं आम्ही मागून घेतली. झोपायला मास्तरांच्या खोलीत, अभ्यासाला ओवरीत, आणि जेवायला वार : सात घरं, सात दिवस, चारी पोरांनी मिळून रोज एका घरी जायचं. बिरूची बायको बायडाबाई निघताना मला म्हणाली होती, "तुमच्या जिवावर टाकून चाललेय." मी म्हणालो, "मंडळ आहे ना." बोलताना मला हा शब्द फार भारदस्त वाटला.

त्या चार पोरांवर आणखीही काही लटकलेलं होतं. आदल्या वर्षी मोहतमीमसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे वरचे साहेब, येऊन गेले होते. हजेरी बघून त्यांनी मान हलवली होती. पुढच्या खेपेला तीस पोरं समोर बसलेली दिसली नाहीत, तर शाळा इथून उठेल. दुसरं एक गाव शाळा मागतं आहे. रागावून नाही, शांतपणे सांगितलं, त्यामुळं जास्त धसका बसला. पटावर चौतीस नावं होती. पण दिवस सुगीचे होते. घरोघर हिंडून, पायऱ्या झिजवून, "तपासणीच्या दिवशी तरी पाठवा" म्हणून मी सत्तावीस पोरांच्या बापांकडून वचन घेतलं होतं. सत्तावीस आणि ही चार.

सोमवारचा वार मुळात पाटलांचा होता. सुगीत त्यांच्या घरी रोजंदारीच्या माणसांची झुंबड. त्यांनी वार बदलून मागितला. मी आप्पांचा गुरुवार त्यांना दिला आणि त्यांचा सोमवार आप्पांना. आप्पांना विचारायला हवं होतं, पण ते कपिलधारला दर्शनाला गेलेले. घरात बाया होत्या. त्यांना विचारावं हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हा आमच्या मंडळात बायांना विचारायची रीतच नव्हती. चुली मात्र त्यांच्याच होत्या.

त्या सोमवारी दुपारी पोरं आप्पांच्या दारात गेली, तर दाराला कडी. सगळं घर रानात. शेजारची म्हातारी म्हणाली, "आज सोमवार न्हाई का रं? चूल संध्याकाळी पेटंल. कोण बोलिवलं तुमाला?" पोरं ओट्यावर बसली. उन्हाबरोबर सरकत सरकत ओट्याच्या टोकाला आली. मग उठून मास्तरांच्या खोलीवर गेली, तर तिथंही कडी. मास्तर मोहतमीमसाहेबांना भेटायला नांदूरघाटला गेलेले, साहेबांचा मुक्काम तिथं पडला होता. संध्याकाळी मास्तर घाम पुसत परत आले ते बातमी घेऊन : परवा, बुधवारी सकाळी तपासणी. पोरं दिसली नाहीत, तेव्हा त्यांना वाटलं, आप्पांकडं उपास सोडायला थांबली असतील, तिथंच झोपतील. म्हणजे त्यांच्याही डोळ्यांपुढं पुरणपोळीच आली. त्या पोळीनं आम्हा दोघांनाही फसवलं.

मंगळवारी सकाळी हजेरीला चार जागा रिकाम्या. एक गुराखी सांगत आला, काल चौघं दिंद्रुडच्या वाटेनं जाताना बघितली. बिरूचा तळ त्याच वाटेवर, पाच कोसांवर पडला होता.

देवळाच्या पारावर मंडळ बसलं. मी यादी घेऊन गेलो होतो, का कोण जाणे; चोरानं मुद्देमाल घेऊन जावं तसा. दाजी पाटलांनी ती बघितली आणि माझ्याकडं बघितलं.

"सोमवारी आप्पाच्या घरी जेवाया पाठिवलं? आरं गावातलं कुत्रं बी सोमवारी त्यांच्या दारात जात न्हाई. तुला काय अक्कल हाय का बे?"

मी म्हणालो, "माझ्या ध्यानात आलं नाही."

"सत्तावीस," पाटील म्हणाले आणि पारावर हात आपटला. "शाळा गेली म्हणून समजा. बरं ऐका. माझ्या खळ्यावर चार पोरं हायती. धुऊन-पुसून टोप्या घाला आन् बसवा उद्या पंगतीत. मास्तर, त्या चौघांच्या नावाला ह्यांनी 'हजर' म्हणायचं. सायेब काय प्रत्येकाला वळखतोय व्हय?"

अंबादास मास्तर पाराखाली उभे होते. मंडळापुढं ते कधी बसत नसत. शाळा उठली तर त्यांना कुठं पाठवतील, ठेवतील का काढतील, ह्याचा त्यांनाही पत्ता नव्हता. ते म्हणाले, "हजेरीवर खोटं नाव माझ्या हातानं पडणार नाही, पाटील."

"आन् शाळा गेल्यावर?"

"गेली तर गेली. पण खरी होती ती गेली, असं तरी म्हणता येईल."

आवाज तसाच बारीक. पाटलांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी उठलो आणि म्हणालो, "मी आणतो पोरांना." शौर्यानं नव्हे, पाटलांच्या नजरेसमोरून निघून जायला दुसरी वाट नव्हती.

आजही मंगळवारी दुपारी बैलगाडीचा खडखडाट कानावर आला की मला ती वाट दिसते. दोन्ही बाजूंना उपटलेल्या ज्वारीच्या पेंढ्या, मधूनच भुर्रकन उडणारे लावे, चाकोरीत घोट्याएवढा फुफाटा, आणि गाडीवर मी, बायडाबाईला काय सांगायचं ते जुळवत बसलेलो. बैल माझे मला ओळखून होते. जिथं सावली दिसेल तिथं थांबत. दिवस कलल्यावर तळ दिसला. मेंढरं अजून वाटेवर होती, पण कुत्री तळावर होती. तिन्ही बाजूंनी धावून आली आणि गाडीभोवती फेर धरला. खाली उतरायची सोय नाही. तेव्हा मंडळाचा चिटणीस गाडीत उभा राहिला, फेटा सावरला आणि वरूनच म्हणाला, "बायडाबाई, आमच्याकडून एक चूक झाली आहे."

बायडाबाई तीन दगडांच्या चुलीपुढं बसली होती. तिनं कुत्र्यांना हाक मारली नाही. तिची दोन आणि जावेची दोन पोरं पालाच्या आडून बघत होती.

"चूक?" ती म्हणाली. "लेकरू दारात उपाशी बसलं. माझा धाकटा वाटंत दोनदा बसला म्हनं, थोरल्यानं पाठीवर आणला. आमी मेंढरं राखतो, भाऊ. पर कोकरू उपाशी ठिवून आमी कळप हलवत न्हाई."

"माझीच चूक. वार लावताना..."

"आन् आता कावून आलाव? उद्या सायेब येनार म्हनून. गुराखी सांगून गेला इथं. तुमाला पोरं मोजून दावायचीत."

ह्यावर मी वाटेत जुळवलेलं काहीच उपयोगाचं नव्हतं. होतं ते सगळं विद्येबद्दल होतं. मी खरं तेच म्हणालो, "होय. त्यासाठीच आलोय. उद्या ही चार नसली तर शाळा उठते. मग कुणाचीच पोरं शिकणार नाहीत, तुमचीही आणि माझीही."

तिनं भाकरी उलटली. मग कुत्र्यांना एक शब्द टाकला, तशी ती शेपट्या हलवत बाजूला झाली आणि मी अखेर जमिनीवर आलो. बिरू मेंढरं घेऊन आला, त्यानं सगळं ऐकलं आणि "हिला इचारा" म्हणून हात धुवायला गेला. त्या घरात विचारायची रीत होती.

"लिंबाला शिकायचं हाय," बायडाबाई अखेर म्हणाली. लिंबा तिचा थोरला. "रडत आला, तरी पाटी टाकून न्हाई आला. पर ते वार-बीर आता नगं. एक घर सांगा. त्या घरच्या बाईनं रोज इचारलं पायजे, जेवला का रं म्हनून. हाय का असं घर?"

सात घरं डोळ्यांपुढून गेली. कुणाच्या वतीनं बोलणार? "माझं घर," मी म्हणालो. "माझी बायको विचारील." बायकोला विचारलेलं नव्हतं, हे मी सांगितलं नाही. बायडाबाईनंही विचारलं नाही. पण माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं, हिला कळलंय.

पहाटे निघालो. येताना बैलांना घराची ओढ होती, तरी मला ते सरकतच नाहीत असं वाटत होतं. पूर्वेला तांबडं फुटलं, मग ऊन आलं, मग ऊन तापायला लागलं. मी एकसारखा सूर्याकडं बघत होतो आणि हात हलवून त्याला थांबवता येत नव्हतं. धाकटा गाडीत पेंगत होता, मधले दोघे चूप, आणि लिंबा पाटीवर थुंकी लावून पुसायचा, लिहायचा, पुन्हा पुसायचा. गावाची वेस आली तेव्हा देवळापुढं साहेबांचा घोडा बांधलेला दिसला.

ओवरीत सगळे बसले होते. साहेब खुर्चीवर, मांडीवर हजेरी. पाटील, आप्पा आणि मंडळाची बाकीची माणसं भिंतीला टेकून उभी; आप्पा सकाळीच कपिलधारहून आलेले आणि झालं ते ऐकून पांढरे पडलेले. मोजणी झाली होती. सत्तावीस. साहेबांनी शेऱ्याचं बुक उघडून टाक दौतीत बुडवला होता, आणि मास्तर त्यांच्या शेजारी हात बांधून उभे होते, फाशीची शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे. चार पोरं धुळीनं माखलेल्या पायांनी आत शिरली आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसली. कुणी त्यांना सांगितलं नाही. आपल्या जागा त्यांना माहीत होत्या.

साहेब म्हणाले, "मास्तर, ये चार कौन?"

मास्तरांनी नावं पुकारली. चौघं "हजर" म्हणाली. साहेबांनी हजेरीच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि ते मंगळवारवर थांबलं. मग ते आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत लिंबाला म्हणाले, "बेटा, काल कुठं होता?"

मी पाटलांकडं बघितलं. पाटलांनी डोळे मोठे केले, म्हणजे लिंबानं आजारी होतो म्हणावं. लिंबा उभा राहिला.

"आईकडं गेलतो, सायेब."

"का?"

"सोमवारी जेवाया भेटलं न्हाई."

मंडळानं बांधलेला कूड, आणलेल्या पाट्या, सारवलेली खोली, सगळं त्या एका वाक्यापुढं उघडं पडलं. साहेबांनी मान वळवली.

"वार कोणी लावले?"

आप्पा काहीतरी बोलायला पुढं झाले. सगळा दोष स्वतःवर घेतला असता त्यांनी, तसा माणूस होता. मी आधी बोललो, "मी लावले, साहेब. त्यांच्या घरी सोमवार असतो. मला माहीत होतं. सुचलं नाही."

साहेबांनी लिंबाला पाटीवर एक वजाबाकी दिली, मग एक गुणाकार, मग धाकट्याला जवळ बोलावून वाचायला लावलं. धाकटा वाचता वाचता मध्येच अडखळला, पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागला. मग साहेब लिहायला लागले. उर्दूत, उजवीकडून डावीकडं, ओळीमागून ओळ. मंडळात उर्दू कुणालाच येत नव्हतं. आम्ही टाकाच्या टोकाकडं बघत उभे, आणि ते टोक थांबेना. शाळा ठेवायला एवढं लिहावं लागतं का? की उठवायला लागतं? पाटलांच्या मानेवरून घाम ओघळत होता. करडईची खाज सुटली तरी कुणी हात हलवला नाही.

साहेब उठले, बुक मास्तरांच्या हातात दिलं, घोड्यावर बसले आणि गेले. आम्ही बाहेर पारापाशी येऊन मास्तरांभोवती जमलो.

"वाचा की," पाटील म्हणाले. त्यांचा आवाज फाटला.

मास्तरांनी वाचलं आणि मराठीत सांगितलं. एकतीस विद्यार्थी हजर. शाळा इथंच राहावी. मंडळाचं काम चांगलं, पण कच्चं. पुढल्या खेपेला मी आधी ह्या पोरांना काय जेवलात ते विचारीन, आणि मग काय शिकलात ते.

पाटील पारावर मटकन बसले. आप्पांनी मला मिठी मारली आणि माझ्या खांद्याआड डोळे पुसले. मास्तर बुक छातीशी धरून खोलीत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुढल्या खेपेला साहेबांनी खरंच तसंच विचारलं, आणि त्याच्या पुढल्याही. अंबादास मास्तरांची नंतर बदली झाली. लिंबा पुढं बीडला शिकायला गेला. परवा मंडळाच्या कामाला कागद घेतला, वर परीक्षेची तारीख टाकली आणि पुढं हात चालेना. सुगीचा वास आला की माझं हे असं होतं. लिहायचं थांबवून मी बाहेर ओसरीवर जाऊन बसलो, आणि त्या दिवशीची दुपार जशीच्या तशी पुढं आली.

साहेब गेल्यावर चारी पोरांना घेऊन मी घरी निघालो होतो. पारावरून शाबासकी घेऊन आलेला माणूस, पण पाय जड. शब्द देऊन आलो होतो बायकोच्या नावानं, आणि तिला पत्ता नव्हता. दारातूनच मी मोठ्यानं सुरुवात केली, शाळा राहिली, साहेबांनी मंडळाला चांगलं म्हटलं, वगैरे. कारभारीण रानातून नुकतीच आलेली, डोक्याच्या पदराला अजून ज्वारीचा पाला. तिनं आधी पोरांचे पाय बघितले. पाणी दिलं. पिठलं टाकलं, भाकरी थापायला बसली. मग मी बायडाबाईचं बोलणं सांगितलं, आणि आजपासून ही चौघं आपल्याकडं, मिरगापर्यंत, हेही सांगून टाकलं. वाटलं, आता भांडं आपटणार. तर ती भाकरी वाढताना लिंबाला म्हणाली, "सोमवारी भूक लागली, तवा इकडं का न्हाई आलास रं? आप्पाच्या घरापासून चौथं तर दार हाय आमचं. त्येच्यावरनंच गेला असचाल."

लिंबानं घास हातातच धरला. "तुमचा वार न्हवता," तो म्हणाला.

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिचा वास घरभर झाला, तेव्हा कुठं तिनं ती उलटली. पोरं जेवून अंगणात गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाली, "दिवाळीपासून वाढतेय मी ह्यांना. लेकरं मान वर करून बघत न्हाईत, मला वाटायचं लाजत्यात. आवं, त्यांना माझं नाव बी म्हाईत न्हाई. मी त्यांचा शुक्रवार हाय."